दोन लिटर जास्तीचं ऑइल

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला, दवाखान्याच्या अलीकडच्या चढावर, नर्सची गाडी निळा धूर ओकत बंद पडली. गाडी घेऊन पुरते दोन दिवसही झाले नव्हते. मागच्या सीटवर टाके काढायला निघालेले एक आजोबा होते. त्यांना तिने दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवून दिलं, आपली गाडी चार जणांकडून ढकलून जवळच्या गॅरेजात घातली आणि दहाच्या आत ती आमच्या दारात उभी राहिली. हातात आमचाच कागद होता.

आमचा म्हणजे माझ्या बायकोचा. ही जुन्या गाड्या तपासून देते. बस डेपोच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झाली, आणि आता कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी हिला बोलावणं येतं. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळे. मी टॉर्च धरतो आणि ही सांगेल ते कागदावर उतरवतो, म्हणून मला कंपाउंडर म्हणतात. मी सदतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण त्याची आठवण कुणाला नाही. असो.

नर्स घरोघरी जाऊन रुग्ण बघते. जखमा धुणं, इंजेक्शनं देणं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात ने-आण करणं, हे तिचं काम. ती रडत नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. गॅरेजच्या मिस्त्रीने म्हणे धूर बघूनच निकाल दिला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागणार. घेण्याआधी दाखवली होती का कुणाला, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंना, असं तिने सांगितल्यावर तो हसला.

"काकू, तुम्ही घे म्हणालात म्हणून मी घेतली," ती म्हणाली. एवढंच. आवाजही चढवला नाही.

हिने कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि चपला शोधायला लागली. दाराशी थांबून मला म्हणाली, "बुधवारी ज्यांची गाडी बघायची आहे ना, त्यांना नाही म्हणून कळवा. हे इंजिन खरंच गेलेलं असेल, तर आजपासून मी कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडणार नाही."

ही बोलते ते करते. एकदा रागाच्या भरात टीव्ही बघणार नाही म्हणाली, त्याला अकरा वर्षं झाली.

२

आदल्या गुरुवारी ही गाडी तपासताना काय झालं ते मला चांगलं माहीत आहे, टॉर्च माझ्या हातात होती.

गाडी एका केमिस्टची, बारा वर्षं एकाच माणसाने वापरलेली. आम्ही सकाळी सातला पोचलो. हिने आधी बॉनेटवर तळवा ठेवला. इंजिन गार असेल तरच ही पुढे जाते, आधीच सुरू करून गरम ठेवलेल्या गाडीचे निम्मे आजार झाकलेले असतात. मग पायातलं मॅट उचलून वास घेतला, कधी पाणी शिरलं होतं का ते बघायला. दाराचं रबर सोलून आतले जोड पाहिले. ऑइलचं झाकण उलटं करून बघितलं, आत दुधट फेस नव्हता. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. राखाडी, कोरडं. मग गाडीखाली आडवी झाली. शेवटी काचा बंद, रेडिओ बंद, आणि मला तोंड बंद ठेवायला सांगून चार मैल चालवून आणली.

लग्नाला चाळीस वर्षं झालेला माणूस कौतुक करताना जरा हात आखडता घेतो. पण ही चष्मा कपाळावर सरकवून एकेका नळीवर बोट फिरवत असते ना, तेव्हा मला हिच्याकडे बघतच बसावंसं वाटतं. असं काम मी माझ्या वर्गात एक दिवस तरी केलं का, हा प्रश्न पडतो.

तासाभराने निकाल सांगितला. गाडी घ्यावी. दोष एकच, आणि तो मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिला: 'इंजिन ऑइल एक लिटर कमी. भरून घ्यावे.' ही स्वतः भरत नाही. बघणाऱ्याने दुरुस्तीला हात लावायचा नाही, हा हिचा नियम आहे, नाहीतर बघण्यात स्वार्थ शिरतो म्हणते.

आणि आता, सोमवारी, गॅरेजात मिस्त्री नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण डॉक्टरीणबाईंना पकडल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. त्याचं म्हणणं असं, की ऑइल एक लिटर कमी होतं, म्हणजेच इंजिन ऑइल खात होतं. खात होतं, म्हणजेच रिंगा गेलेल्या होत्या. तुमच्याच कागदात लिहिलंय, बाई.

मला त्यात काही खोट दिसेना.

ही म्हणाली, चौदा महिने ज्या गाडीची सर्व्हिसिंग झाली नाही, तिचं लिटरभर ऑइल कमी होणारच. रिंगा चार दिवसांत जात नाहीत, आणि जातात तेव्हा सायलेन्सरचं तोंड चिकट काळं होतं. मग विचारलं, "तुम्ही पट्टी ओढून बघितलीत?"

ऑइल किती आहे ते बघायची लांब पट्टी इंजिनात खोचलेली असते. ती मिस्त्रीने ओढली नव्हती. एवढा धूर दिसतोय, पट्टी कशाला बघायची?

हिने पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत ओढली. आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. ऑइल पूर्ण भरल्याच्या खुणेच्या वर तब्बल तीन बोटं चढलं होतं.

"रिंगांना काही झालेलं नाही," ही म्हणाली. "या इंजिनात कुणीतरी ऑइल ओतलंय. नको इतकं."

३

जास्तीचं ऑइल इंजिनात घुसळलं जातं, त्याचा फेस होतो, तो हवेच्या वाटेने वर चढून जळायला लागतो. निळा धूर होतो, प्लग भिजतात, गाडी बंद. हे मिस्त्रीलाही माहीत होतं. त्याचा चेहरा उतरला, आणि मग त्याने खुणेच्या वरचं ऑइल मापाच्या डब्यात काढलं. दोन लिटरला जेमतेम कमी भरलं.

नर्सच्या जिवात जीव आला. ती लगेच गाडी न्यायला निघाली, दुपारी तिला तीन घरं होती.

हिने किल्ली तिच्या हातातून काढून घेतली. "दोन लिटर ऑइल कुणाच्या हातून चुकून सांडत नाही, बाळ. कुणीतरी ओतलंय. ज्याने इथे हात घातला, त्याने ब्रेकला घातला नसेल कशावरून? कोण ते कळेपर्यंत ही गाडी हलणार नाही."

आत्तापर्यंत मी फक्त हिच्या शब्दाची काळजी करत होतो, गाडीत बसणाऱ्यांची नाही.

गुरुवारपासून गाडी फक्त तिघांच्या हाताखालून गेली होती. शनिवारी सकाळपर्यंत ती केमिस्टकडे होती. तिथून गाड्यांच्या दलालाने नेली, कागदपत्रं करून नर्सच्या घरी पोचवली. आणि घरी होता नर्सचा मोठा भाऊ, शिंपी, ज्याला ही खरेदी मुळात मान्यच नव्हती. आमचा कागदही त्याच वाटेने फिरला होता: केमिस्ट, दलाल, मग नर्सच्या घरातलं टेबल.

आधी केमिस्टकडे गेलो. दुकानामागच्या खोलीत त्यांनी आम्हाला बसवलं. अतिशय नेमका माणूस, बाटल्यासुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. गाडीचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. बारा वर्षं मी तिला जपलं, मी तिचं वाईट करीन का, असं परत परत म्हणत होते. हिने सरळ विचारलं, तुम्ही जास्तीचं ऑइल घातलंत का?

"जास्तीचं? मुळीच नाही," ते म्हणाले. पण बघत होते आपल्या पायांकडे.

मोरीत काचेचा मोठा मापाचा पेला उपडा घातलेला होता. त्याच्यावर पाण्याचे थेंब, तेलाच्या भांड्यावर बसतात तसे, न ओघळता मण्यांसारखे बसले होते. हिने तो पाहिला, आणि आभार मानून उठली.

४

दलाल भेटला तो दोन फोनवर एकाच वेळी बोलत. याच्यावर माझा पहिल्यापासून संशय. हिने या वर्षात त्याचे तीन सौदे मोडले होते. गाड्याच तशा होत्या, पण पोटावर पाय आला की माणूस ते कुठे बघतो? शिवाय डॉक्टरीणबाई चुकल्या अशी बोंब झाली, तर सगळ्यात जास्त सुख यालाच होतं.

तो हसून म्हणाला, "ताई, मी गाडीचं बॉनेट उघडतच नाही. गिऱ्हाइकाचं मन उघडतो, तेवढं पुरतं." गाडी उचलली, पोचवली, विषय संपला. जास्तीचं ऑइल घालून मला काय मिळणार, असा उलट सवाल. पण त्याच्या डिकीत, फायलींच्या गठ्ठ्याखाली, एक नरसाळं होतं, आणि त्याच्या टोकाशी सोनेरी ओघळ सुकला होता. मी हिला कोपराने ढोसलं. हिने मला उलट ढोसलं, म्हणजे गप्प बसा.

नर्सचा भाऊ दुकानात मशीनवर बसला होता. बहिणीने गाडी घेतली त्या दिवशी भर घरात त्याने सांगितलं होतं, की मी त्या गाडीला बोटही लावणार नाही. आताही तेच म्हणाला. नाही लावलं, लावणार नाही, जास्तीचं ऑइल वगैरे मला काही माहीत नाही. बोलताना मान खाली, आणि शिलाई इतकी वाकडी चालली होती की गिऱ्हाइकाने सदरा तोंडावर फेकला असता. टेबलावर कापडाची मापं कापायचे खाकी कागद होते. वरचा एक कागद शंकूसारखा गुंडाळून परत सपाट केलेला, आणि मध्ये आरपार दिसणारा तेलकट डाग.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, तिघांकडेही पुरावा सापडला, तिघंही धडधडीत खोटं बोलतायत. हा कट आहे. तिघांनी मिळून तुला खड्ड्यात घातलंय.

ही चालता चालता थांबली. "खोटं बोलतायत खरं. पण अहो, त्यांच्यात घाबरलेला एक तरी दिसला का तुम्हाला? तिघंही लाजलेले आहेत. दुसऱ्याची गाडी बिघडवून माणूस लाजत नाही."

मग का लाजलेत? ते हिलाही सांगता येईना. मंगळवारी सकाळी ही तपासलेल्या गाड्यांच्या सगळ्या वह्या कपाटातून काढून बांधायला बसली. मी दोरी लपवून ठेवली. दुसरं काय करणार?

५

मंगळवारी दुपारी नर्स आली. पायी फिरून दमली होती, आमचा कागद परत द्यायला आलेली. आमच्यावरचा भरवसा सुटला असावा, नाहीतर कागद परत कशाला देईल? मी पाणी दिलं. पाणी प्यायच्या आधी तिने पिशवीतून एक तक्ता काढला आणि आधीच्या रुग्णापुढे वेळ लिहून सही केली.

ही सहज म्हणाली, अगं, आधी पाणी तरी पी.

"नाही काकू, सही राहिली तर घोटाळा होतो. औषध कागदावर लिहिलेलं असतंच. दिलंय का नाही, ते सहीवरूनच कळतं. सही नसेल तर पुढच्या पाळीची बाई पुन्हा देते. तीही बिचारी कागदावर लिहिलंय तेच करते."

ही जागच्या जागी उभी राहिली. मग आमचा कागद उचलून खिडकीशी नेला आणि उजेडासमोर धरला.

गुरुवारी मी लिहिला तेव्हा तो स्वच्छ होता. आता त्यात तीन पारदर्शक डाग दिसत होते. एक अंगठ्याचा खालच्या कोपऱ्यात, एक वरच्या कडेला, आणि एक मधोमध, घडीवर.

"बघा," ही मला म्हणाली, "नव्या कोऱ्या ऑइलचे आहेत. जुन्याचे असते तर काळे पडले असते. एका हातात कागद धरून दुसऱ्या हाताने ऑइल ओतलंय. कुणाचं वाकडं करायला निघालेला माणूस माझा कागद कशाला हातात धरेल? आणि जास्तीचं किती निघालं? दोन लिटर. मी लिहिलं होतं एक. म्हणजे गाडीत गेलं एकूण तीन. एक, एक आणि एक."

मी बसलो. मला हसावं का रडावं ते कळेना.

"म्हणून तिघंही नाही म्हणाले," ही म्हणाली. "मी विचारत होते, जास्तीचं घातलं का? जास्तीचं कुणीच घातलं नाही."

६

चार वाजता सगळ्यांना गॅरेजात बोलावलं. केमिस्ट, दलाल आणि शिंपी एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभे होते. मिस्त्री हात पुसत बाजूला. हिने कुणावर आरोप केला नाही. कागद वर धरला आणि विचारलं, "यात लिहिलेलं एक लिटर ऑइल कुणी भरलं?"

आधी केमिस्टचा हात वर गेला. मग दलालाचा, अर्धवट. मग शिंप्याचा. आणि तिघंही एकमेकांच्या हाताकडे बघत राहिले.

बाकीचं आपोआप बाहेर आलं. बारा वर्षं जपलेल्या गाडीत दोष निघाला, याची केमिस्टना इतकी शरम वाटली, की शुक्रवारी संध्याकाळी दार लावून त्यांनी मापाने लिटर मोजून भरलं आणि कुणाला सांगितलं नाही. चिठ्ठीवर लिहिलेला डोस दिला, म्हणाले. दलालाने शनिवारी सकाळी भरलं, कारण दोष वाचून गिऱ्हाईक बिचकतं. सांगितलं असतं तर उद्यापासून प्रत्येकाने त्याच्याकडून फुकट ऑइल मागितलं असतं. आणि शिंपी बोटही लावणार नाही म्हणून बसलेला. पण बहीण रविवारी दुपारी झोपली, टेबलावर कागद दिसला, आणि त्याच्याने राहवेना. माप कापायच्या कागदाचं नरसाळं करून त्याने भरलं. बोलून चुकल्यावर कबूल कसं करायचं?

नर्सने भावाकडे बघितलं. "दादा, तू भरलंस?" तो खिशात टेप शोधायला लागला, गळ्यातच असलेली.

"पट्टी किती जणांनी ओढून बघितली?" हिने विचारलं.

कुणीच नाही. दिवसभर मापं घेणारा शिंपी नाही, थेंब थेंब मोजणारा केमिस्ट नाही. केमिस्ट म्हणाले, "आपण लिहिलं होतं ना, बाई. मग काय बघायचं?"

मिस्त्रीने प्लग साफ केले, हवेचं फिल्टर बदललं, ब्रेकही तपासले, आणि हिच्या सांगण्यावरून ऑइल परत खुणेला बघून घेतलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दहा मिनिटं धुरली, मग धूर विरळ झाला, मग गेलाच. मिस्त्रीने सगळ्यांसमोर हिची माफी मागितली. दलाल म्हणाला, ताई, माझ्या सगळ्या गाड्या तुम्हीच बघायच्या. मला इतका अभिमान वाटला की मी उगाच खाकरत होतो.

पण ही खुश नव्हती. एका जुन्या टायरवर बसून राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, अगं, तुझा शब्द खरा ठरला.

"ठरला. आणि त्या शब्दापायी तीन शहाण्या माणसांनी डोळे मिटून घेतले. माझा कागद गुरुवारचा होता हो. शुक्रवारी तो खोटा झाला होता. माझ्यामुळे माणसं बघायची थांबत असतील, तर माझ्या बघण्याचा उपयोग काय? मला नाही करायचं हे काम."

मी हिच्याशेजारी बसून राहिलो.

थोड्या वेळाने ही उठली. मिस्त्रीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, तो गाडीखाली गेला आणि बाहेर आला. मग हिने स्वतः पट्टी ओढली, बघितली, पुसून परत खोचली, बॉनेट लावलं आणि किल्ली नर्सच्या हातात दिली. "ऑइल बरोबर खुणेला आहे. मी बघितलंय. जा घेऊन."

नर्स बसली. किल्ली लावली. फिरवली मात्र नाही. आरशात स्वतःकडे बघत क्षणभर बसली, मग खाली उतरली, आणि कुणाला काही न विचारता बॉनेट उघडलं. पट्टी ओढली. फडकं नव्हतं म्हणून रुमालाला पुसली. परत घातली, परत ओढली, आणि थर्मामीटर धरावा तशी उजेडाकडे तोंड करून धरली. तिचा भाऊ पुढे झाला, तिने हाताने त्याला थांबवलं.

"काकू," ती फार हळू म्हणाली. तिला लाज वाटत होती, दिसत होतं. "खुणेच्या खाली आहे. एक बोट. तुमचं... तुमचं चुकलंय बहुतेक."

केमिस्ट म्हणायलाच लागले की बाईंनी स्वतः पाहिलंय म्हटल्यावर. हिने त्यांना बोलू दिलं नाही.

"परत बघ," ही नर्सला म्हणाली.

नर्सने परत बघितलं. "कमीच आहे, काकू. तुम्ही काहीही म्हणा."

मिस्त्रीने पाठीमागून अर्धा लिटर ऑइलचा डबा पुढे केला, हिच्याच सांगण्यावरून नुकतंच गाडीतून काढलेलं. ही हसली. सोमवारपासून पहिल्यांदा.

"आता ही गाडी तुझी झाली," ही तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, डोळे पुसत, "अहो, ते बुधवारचे लोक आहेत ना, त्यांना फोन लावा. येतो म्हणून सांगा. पण म्हणावं, गाडी घेणाऱ्याने स्वतः यायचं, आणि मी दाखवीन ते सगळं आपल्या डोळ्यांनी बघायचं, माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही."

मी फोन काढला. घाईत दोनदा भलताच नंबर लागला.